मराठवाड्यातून आयटीचे काम वर्षानुवर्षे: आधी काय, मग काय

लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव येथे राहून पुण्या-बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे काम करणारे इंजिनिअर आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात सारखीच झालेली असते. मॅनेजरने फोनवर ‘हरकत नाही’ म्हटले की पुण्यातली खोली सोडायची, टेबल-खुर्ची आणायची, १०० एमबीपीएसची लाईन घ्यायची आणि कामाला लागायचे. पहिले काही महिने बरे जातात. मग मे महिना येतो, मॅनेजर बदलतो, वार्षिक मूल्यांकनात ‘टीममध्ये फारसे दिसत नाहीत’ असा शेरा पडतो, आणि वर्षाच्या आत पुन्हा बॅग भरावी लागते. अशा माणसाचे काम वाईट नसते, पण जे आधी करायला हवे होते ते त्याने शेवटी केलेले असते किंवा केलेलेच नसते.

हे काम तीन-पाच वर्षे टिकावे यासाठी काय, कोणत्या क्रमाने करावे ते पुढे दिले आहे. वीज आणि इंटरनेट पहिल्या सहा महिन्यांत अडवतात आणि पैसे खर्च केले की बहुतांशी सुटतात. त्यानंतर माणूस मागे पडतो तो आपले काम टीमला लिहून न दाखवल्यामुळे, आणि ते पैशाने सुटत नाही. म्हणून टप्पा ६ सर्वांत सविस्तर आहे.

## टप्पा १: परवानगी लेखी घ्या, आणि ती कंपनीची असू द्या

तोंडी परवानगी मॅनेजरच्या बदलीपर्यंत टिकते. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आणि ॲमेझॉनने २ जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येण्याचे धोरण लागू केले. इतक्या मोठ्या कंपन्यांचे धोरण बदलू शकते, तर आपल्या मॅनेजरच्या शब्दावर घर हलवू नये. एचआरला ई-मेल लिहून चार गोष्टींचे उत्तर लेखी मागावे.

१. नियुक्तिपत्रात कामाचे ठिकाण कोणते राहील? कागदावर ‘पुणे’ राहिले, तर पुण्याला बोलावल्यावर प्रवास आणि राहण्याचा खर्च सहसा आपल्यावर येतो. ‘लातूर’ झाले, तर तोच प्रवास कंपनीच्या कामाचा प्रवास ठरू शकतो.
२. परत बोलवायचे झाल्यास किती दिवसांची पूर्वसूचना मिळेल? ६० ते ९० दिवस मागणे रास्त आहे.
३. ठिकाण बदलल्यामुळे पगारात किंवा पुढच्या वाढीत फरक पडेल का?
४. लॅपटॉप बिघडला तर दुसरा किती दिवसांत आणि कसा पोहोचेल?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. पुण्यात लॅपटॉप बिघडला की आयटी विभागाच्या खिडकीवर तासाभरात दुसरा मिळतो. वसमत किंवा उदगीरला तो कुरिअरने यायला चार-पाच दिवस लागू शकतात, आणि तेवढे दिवस रजेत धरले जाणार का, हे आधीच ठरलेले बरे.

परदेशी कंपनीशी थेट करार असल्यास: तुम्ही बहुधा कर्मचारी नसून कंत्राटदार असता. पीएफ, ग्रॅच्युइटी, आजारपणाची रजा यांतले काही आपोआप मिळत नाही. आगाऊ प्राप्तिकर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना स्वतः भरावा लागतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. पहिले पैसे खात्यावर येण्याआधीच सीएला भेटावे.

तपासणी: उद्या मॅनेजरने नोकरी सोडली, तर नव्या मॅनेजरला दाखवता येईल असा कागद किंवा ई-मेल तुमच्याकडे आहे का? नसेल, तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा २: विजेचा हिशोब

सर्वांत आधी आपले घर कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कोणत्या लाईनवर, आहे ते लाईनमनला विचारावे. गावठाणाच्या फीडरवरची घरे आणि शेतीच्या फीडरवरची वस्ती यांत मोठा फरक आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज पुरवठा दिवसातले ठरावीक तासच असतो, तोही पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. घर शेतात असेल तर एकट्या इन्व्हर्टरवर भागत नाही. तिथे सौर पॅनेलचा विचार करावा, किंवा कामापुरती गावात खोली घ्यावी.

गावठाणात किंवा शहरात असाल, तर हिशोब असा मांडावा. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर २५, फायबरचा मोडेम आणि राउटर मिळून २०, साधा पंखा ७०, दिवा १०, म्हणजे एकूण १९० वॅट. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो, म्हणून १००० ते ११०० धरावेत. याचा अर्थ साधारण साडेपाच तास. पंखा बीएलडीसी घेतला तर तो ३० वॅटच्या आसपास घेतो आणि सात तासांपर्यंत मजल जाते. हा हिशोब नव्या बॅटरीचा आहे. तीन-चार वर्षे वापरलेल्या बॅटरीकडून याच्या निम्मी अपेक्षा ठेवावी, आणि उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला पाहावी.

यात तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक वायरिंगची. घरातला इन्व्हर्टर बहुधा पंखे आणि दिवे यांच्या पॉइंटपुरता जोडलेला असतो, आणि टेबलाजवळचा सॉकेट त्या लाईनवर नसतो. वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो आणि मोडेम बंद पडतो. वायरमनला बोलावून कामाच्या टेबलाचा आणि मोडेमचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावा.

दुसरी चूक इन्व्हर्टरच्या पाठीमागच्या बटणाची. त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडवर वीज जाताना क्षणभर खंड पडतो, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तरतो, पण मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो आणि व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) पुन्हा जोडावे लागते. म्हणून काही जण यूपीएस मोड लावतात. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८०पर्यंत उतरले की त्या मोडवर इन्व्हर्टर, वीज असूनही, बॅटरीवर जातो, आणि खरी वीज जाईपर्यंत बॅटरी संपलेली असते. माझा सल्ला असा की इन्व्हर्टर नॉर्मल मोडवरच ठेवावा आणि मोडेम-राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावावा. घेण्याआधी मोडेमच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत.

तिसरी चूक अर्थिंगची, आणि ती फक्त उन्हाळ्यात कळते. काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिणते, आणि पुढे अडॅप्टर जळू लागतात. मार्च ते जून या काळात त्या खड्ड्यात नियमित पाणी ओतावे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातले व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे.

सावधान: वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की लॅपटॉप आणि मोडेम यांचे अडॅप्टर सॉकेटमधून काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

तपासणी: रविवारी दुपारी मित्राला व्हिडिओ कॉल लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. कॉल न तुटता दोन तास चालला तरच हा टप्पा पूर्ण झाला.

## टप्पा ३: इंटरनेटच्या दोन वाटा

दोन जोडण्या घेऊनही एकाच वेळी दोन्ही बंद पडल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे कारण असे की दोन्ही केबलवाल्यांच्या फायबर त्याच खांबांवरून किंवा रस्त्याकडेच्या त्याच चरातून येतात, आणि रुंदीकरणाच्या कामावर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. म्हणून पहिली जोडणी फायबरची आणि दुसरी मोबाईल नेटवर्कची असावी, तीही वेगळ्या कंपनीची.

केबलवाल्याला दोन प्रश्न विचारावेत. फायबर थेट घरात येते, की खांबापर्यंत फायबर आणि पुढे साधी लॅन केबल? दुसऱ्या प्रकारात खांबावरच्या स्विचला वीज लागते, आणि गल्लीची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही इंटरनेट जाते. दुसरा प्रश्न, अपलोडचा वेग किती? व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते स्थिर हवेत. डाउनलोडचा मोठा आकडा पाहून लाईन घेऊ नये.

चाचणी रात्री आठ ते दहा या वेळात करावी, कारण तेव्हा सगळा गाव मोबाईल पाहत असतो आणि परदेशी टीमच्या बैठकाही त्याच वेळी असतात. मोबाईलवरची दहा सेकंदांची स्पीड टेस्ट काही सांगत नाही. लॅपटॉपवरून पिंगची चाचणी (छोटे संदेश पाठवून त्यांचे उत्तर येते का ते पाहणे) सलग दहा मिनिटे चालवावी आणि किती पॅकेट, म्हणजे असे संदेश, हरवले ते पाहावे. एक टक्क्याच्या वर गेले, तर वेग कितीही असो, बोलताना आवाज तुटणार. कंपनीचे व्हीपीएन वारंवार सुटत असेल, तर केबलवाला अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतो का ते विचारावे. स्वतंत्र आयपी घेतल्यावर असा त्रास बरेचदा थांबतो.

## टप्पा ४: चाचणीचा महिना, आणि तो दिवाळीचा नको

बहुतेक जण दिवाळीला गावी येतात, सुट्टीला जोडून दोन आठवडे घरून काम करतात, सगळे सुरळीत चालते आणि मग निर्णय घेतात. त्या दिवसांत हवा थंड असते, विजेची मागणी कमी असते आणि निम्मी टीम रजेवर असते. त्यावरून काही ठरत नाही. चाचणी १५ मे ते १५ जून या काळात करावी. ४२-४३ अंशांचे ऊन, वळवाचा पाऊस, लग्नसराई, पाण्याचे टँकर आणि पेरणीची गडबड या सगळ्यांची परीक्षा त्या एका महिन्यात होते. तोवर पुण्यातल्या खोलीचे भाडे भरत राहावे लागले तरी भरावे.

या महिन्यात रोज एक ओळ लिहावी: वीज किती वेळा गेली, इंटरनेट किती वेळा बदलावे लागले, कोणती बैठक चुकली. महिनाभरात तीनपेक्षा जास्त बैठका अर्ध्यात तुटल्या असतील, तर टप्पा २ आणि ३ कडे परत जावे.

## टप्पा ५: खोली, घरची माणसे आणि घड्याळ

दार लागणारी खोली हवी, ती पश्चिमेच्या भिंतीची नसावी, आणि आवाज कापणारा माईक असलेला हेडसेट घ्यावा. कूलरचा आवाज आपल्या कानाला सवयीचा होतो, पलीकडच्यांना होत नाही. लॅपटॉप कूलरच्या दमट झोतात थेट ठेवू नये आणि तापू देऊ नये, कारण तो तापला की आपोआप मंदावतो.

घरच्यांशी बोलणी पहिल्याच आठवड्यात करावीत. ‘घरीच तर आहेस’ या वाक्यात बँकेची, दवाखान्याची, पाहुण्यांना बसस्थानकावरून आणण्याची सगळी कामे येतात, आणि घरच्यांचे त्यात काही चुकत नाही, कारण त्यांना कामाची वेळ कोणी सांगितलेलीच नसते. ‘आई, दोन ते पाच दार लावलेले असेल, तेव्हा फक्त अडचणीचे असेल तरच हाक मार; सकाळी दहापर्यंत आणि पाच ते साडेसहा मी तुमचाच आहे’ असे स्पष्ट तास सांगितले की ते पाळले जातात. त्या मोकळ्या तासांत मग खरोखर मोकळे असावे.

परदेशी टीम असेल तर घड्याळ नीट समजून घ्यावे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत बैठका चुकतात, म्हणून या चार तारखा कॅलेंडरात टाकून ठेवाव्यात. रात्री अकरानंतरच्या बैठका आठवड्यात दोनपेक्षा जास्त स्वीकारू नयेत. वर्षभर रोज जागून कोणाची तब्येत टिकलेली मी पाहिलेली नाही.

कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन बहुधा नसतो, आणि लातूर-धाराशिवकडची वेळा अमावस्या तर नसतेच. वेळा अमावस्येला घर, गल्ली, केबलवाला सगळे शेतात असतात. या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच टाकाव्यात.

सावधान: कंपनीचा लॅपटॉप घरातल्या मुलांच्या अभ्यासाला देऊ नका, आणि कंपनीची कागदपत्रे व्हॉट्सॲपने झेरॉक्सच्या दुकानात पाठवून छापू नका. माहिती बाहेर गेल्याचे उघड झाले, तर टप्पा १ मधला कागद वाचवणार नाही.

## टप्पा ६: काम लिहून दाखवा

ऑफिसात माणूस टेबलावर दिसतो, चहाला भेटतो, अडला की शेजारच्याला विचारतो. दूरवरून यातले काही उरत नाही. टीमला तुमच्याबद्दल जे कळते ते तुम्ही लिहिलेल्या ओळींतून. चॅटमध्ये ‘ऑनलाइन’ दाखवणारा हिरवा ठिपका दिवसभर पेटता ठेवणे किंवा प्रत्येक निरोपाला मिनिटभरात उत्तर देणे हा त्याला पर्याय नाही. त्याने फक्त थकवा येतो.

रोजची नोंद कशी असावी, याचे उदाहरण पाहा. (‘बग’ म्हणजे प्रोग्राममधली चूक, ‘रिव्ह्यू’ म्हणजे सहकाऱ्याने केलेली कोडची तपासणी, ‘टिकीट’ म्हणजे यादीत नोंदवलेले एक काम.) बहुतेक जण असे लिहितात:

*‘रिफंडच्या बगवर काम चालू आहे. उद्यापर्यंत होईल.’*

यातून कोणालाच काही कळत नाही. तीच नोंद अशी हवी:

*‘रिफंड दोनदा जमा होण्याचा बग: कारण सापडले. बँकेचे उत्तर तीस सेकंदांत आले नाही की आपली सर्व्हिस तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवते, आणि दुसऱ्या रिक्वेस्टला नवा क्रमांक मिळतो. दोन्हींना एकच क्रमांक देणारा बदल रिव्ह्यूला टाकला आहे. आधीच दुहेरी गेलेल्या रकमांचे काय करायचे ते ठरलेले नाही. त्या वेगळ्या टिकिटात घ्याव्यात असे मला वाटते. गुरुवारी दुपारपर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर तसे करतो.’*

दुसऱ्या नोंदीत काय सापडले, काय केले, काय ठरायचे आहे, लिहिणाऱ्याचे मत काय आणि उत्तर कधीपर्यंत हवे, हे सगळे आले. अमेरिकेतला सहकारी आपण झोपलेले असताना ही नोंद वाचून निर्णय देऊ शकतो. पहिल्या नोंदीवर तो फक्त प्रश्न विचारू शकतो, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात एक दिवस जातो. आठवड्यात असे तीन दिवस गेले की ‘रिमोटवाले (दूरवरून काम करणारे) हळू काम करतात’ हा समज तयार होतो.

या सवयी पुढील क्रमाने लावाव्यात.

१. पहिल्या महिन्यात फक्त दिवसअखेरची नोंद, वरच्या पद्धतीने.
२. दुसऱ्या महिन्यापासून अडल्याची नोंद. अर्धा तास एकाच जागी अडलात की काय करून पाहिले आणि काय दिसले ते लिहून विचारावे. ‘एक प्रश्न होता, बोलू का?’ एवढाच निरोप पाठवून वाट पाहत बसू नये. प्रश्न त्याच निरोपात लिहावा.
३. प्रश्न खासगी निरोपात न विचारता टीमच्या चॅनेलवर विचारावेत. लाज वाटते हे खरे, पण तिथे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या नव्या माणसालाही सापडते, आणि तुम्ही कशावर काम करता ते चार जणांना दिसते.
४. कॉलवर काही ठरले की कॉल संपल्यापासून तासाभरात तीन ओळी लिहाव्यात: काय ठरले, का ठरले, कोण करणार. हे काम कोणी सांगितले नसेल तरी आपण घ्यावे.
५. पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) वर्णनात बदल कशासाठी केला, कसा तपासला आणि रिव्ह्यू करणाऱ्याने नेमके कुठे पाहावे, हे लिहावे. दुसऱ्यांचे रिव्ह्यू रोज कामाच्या सुरुवातीला आधी संपवावेत.

इंग्रजीत लिहिताना पेन अडत असेल, तर आधी मुद्दे मराठीत काढावेत आणि मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करावे. अलंकारिक इंग्रजीची कोणाला गरज नसते. एआयची मदत घ्यायची असेल, तर कंपनीने परवानगी दिलेले साधनच वापरावे आणि ग्राहकांची माहिती त्यात टाकू नये.

तुम्ही टीम लीड असाल, तर दोन नियम तुम्हालाच लावावे लागतील. टीममधला एक जण दूर असेल, तर बैठकीला सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यावे. सहा जण खोलीत आणि एक जण पडद्यावर अशी बैठक त्या एकासाठी नसतेच. आणि चहाच्या टपरीवर ठरलेले काहीही, लिहून टीमसमोर येईपर्यंत, ठरलेले मानू नये. गिटलॅबसारखी कंपनी सुरुवातीपासून पूर्ण रिमोट चालते आणि आपली कार्यपद्धती जाहीर हँडबुकमध्ये लिहून ठेवते. आपल्या टीमला तेवढे जमले नाही तरी दहा पानांचे दस्तऐवज लिहिणे कोणालाही जमते.

तपासणी: तुमच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी दुसऱ्या टीममधल्या मित्राला वाचायला द्या. तुम्ही काय केले आणि काय अडले आहे, हे त्याला न विचारता सांगता आले पाहिजे.

## टप्पा ७: भेटी आणि पगारवाढ

नवी नोकरी असेल तर पहिले दोन आठवडे ऑफिसात काढावेत, आणि पुढे तीन महिन्यांतून एकदा तीन-चार दिवस जावे. त्या दिवसांत कोड लिहीत बसू नये, तो घरीही लिहिता येतो. ज्यांच्याशी लेखी खटके उडतात त्यांच्यासोबत जेवायला बसावे, नव्या लोकांना भेटावे, मॅनेजरशी पुढच्या सहा महिन्यांबद्दल बोलावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा भेटीच्या तारखा दोन महिन्यांपेक्षा आधी ठरवून घ्याव्यात, नाहीतर ऐनवेळी ट्रॅव्हल्सच्या भाड्यात पैसे जातात.

मूल्यांकनासाठी दर शुक्रवारी एका फाइलीत तीन ओळी लिहाव्यात: या आठवड्यात काय पूर्ण झाले, त्याचा कोणाला उपयोग झाला, पुरावा म्हणून कोणते टिकीट. मार्चमध्ये वर्षभराचे आठवू म्हटले तर शेवटचे दोन महिनेच आठवतात, आणि मॅनेजरला तर तेही आठवत नाहीत.

## टप्पा ८: दर सहा महिन्यांनी

फेब्रुवारीत, म्हणजे उन्हाळ्याआधी, बॅटरी, अर्थिंग आणि दुसरी इंटरनेट जोडणी तपासावी. ऑगस्टमध्ये कागद तपासावेत: मॅनेजर बदलला का, रिमोट धोरणाबद्दल नवा ई-मेल आला का, टप्पा १ मधले उत्तर अजून लागू आहे का. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला असावा, म्हणजे परत बोलावल्यास घाईत होकार द्यावा लागणार नाही. तशी सूचना आलीच, तर फोनवर हो किंवा नाही म्हणू नये. रुजू होण्याची तारीख, स्थलांतराचा खर्च आणि अपवादासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे तीन प्रश्न त्याच दिवशी ई-मेलने विचारावेत आणि सोबत मागच्या सहा महिन्यांच्या शुक्रवारच्या नोंदी जोडाव्यात.